जिजींची थंड वडी

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर न्हाणीघरात टूथपेस्टची नळी वाचत बसणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. हातपाय धुवायचं निमित्त करून जिजी आत जायच्या आणि चांगला वेळ लावून बाहेर यायच्या. तोवर यजमानीणबाई चहाचा कप घेऊन दारात ताटकळत उभ्या. पदराला हात पुसत जिजी सांगायच्या, "तुमची पेस्ट चांगली आहे हो. सॉर्बिटॉल अगदी वरती लिहिलंय. झाकण उघडं राहिलं तरी दगड होणार नाही." यजमानीणबाई माझ्याकडे बघायच्या. मी जिजींची भाडेकरू, सोफ्याच्या कडेला बसून फरशीचे ठिपके बघायचे.

देवासला शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली तेव्हा टेकरीच्या पायथ्याशी जिजींच्या घरातली वरची खोली मला मिळाली. मिळाली म्हणजे परीक्षा देऊन मिळाली. त्यांनी मला ओट्यासमोर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि जिभेवर चिमूटभर पांढरी पूड ठेवली.

"काय वाटतं?"

"मीठी लगती है. म्हणजे, गोड लगतं."

"लागतं. आणखी काय?"

"थंड. पेपरमिंट आहे का?"

"नाही. विरघळताना ते तुझ्या जिभेची ऊब घेतं, म्हणून थंड लागतं. साखरेपेक्षा गोडी कमी, निम्म्याहून थोडी जास्त. उघड डोळे. खोली तुझी. पण मराठी सुधारावी लागेल."

आमच्या धारच्या घरात मराठी आहे, पण ती देवघरात आणि स्वयंपाकघरात. शाळा हिंदी, भांडण हिंदी, दुकानात मालवी. जिजींनी मला मराठी शिकवली तीही औषधांच्या बाटल्यांवर. बाटलीवरचं इंग्रजी आधी वाचायचं आणि मग मराठीत सांगायचं. खोकल्याचं औषध साखरेशिवाय गोड कसं होतं, हे मी असं शिकले.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी झाली. तिथं सिरपं आणि पेस्ट बनायची, निळ्या ड्रमांतून सॉर्बिटॉल यायचं आणि ते तपासून आत घ्यायचं की परत पाठवायचं हे जिजी ठरवायच्या. निवृत्त झाल्या, ड्रम सुटले, सॉर्बिटॉल काही सुटलं नाही. पावसाळ्यात त्या भुट्ट्याचा कीस करायच्या, वर मूठभर कोथिंबीर पेरायच्या आणि पहिला घास घेण्याआधी मला सांगायच्या, "हाच मका. याचा स्टार्च काढायचा, स्टार्चचं ग्लुकोज करायचं, ग्लुकोजला हायड्रोजन द्यायचा की झालं सॉर्बिटॉल. आणि सफरचंदात, नाशपातीत, आलूबुखाऱ्यात ते देवानंच घालून ठेवलंय, कारखान्याशिवाय." मग आलूबुखारा जास्त खाल्ला की काय होतं ते त्या सांगायच्या. तेही कीस तोंडात असतानाच.

खरी अडचण ही होती. सॉर्बिटॉलचे गुण सांगून त्या थांबल्या असत्या तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण अवगुण लपवणं त्यांच्या लेखी खोटं बोलणंच. ते आतड्यात पुरतं शोषलं जात नाही, पाणी ओढून घेतं, प्रमाणाबाहेर गेलं की जुलाब होतात. हे वाक्य जिजींनी कुठं म्हटलं नाही? हळदीकुंकवाला म्हटलं. शाळेच्या वार्षिकोत्सवात आमच्या प्रिन्सिपल मॅडमना म्हटलं. इंदूरच्या बसमध्ये एक माणूस बिनसाखरेच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या तोंडात टाकत होता, त्याच्या खांद्यावर टिचकी मारून म्हटलं, "भिया, पाकीट उलटं करून वाचा. पुढचा स्टॉप लांब आहे." माणूस उठून मागच्या सीटवर गेला. मी खिडकीबाहेर तोंड करून देवासच्या कारखान्यांच्या चिमण्या मोजत बसले.

एकदा शेजारच्या सत्यनारायणात त्यांनी याला 'शुगर अल्कोहोल' म्हणतात असं सांगितलं आणि त्यांच्या हातचे लाडू बायकांनी हळूच केळीच्या पानाखाली सरकवले. दारूशी याचा संबंध नाही, फक्त कुळाचं नाव एक आहे, हे त्या गुरुजींना आरती होईपर्यंत समजावत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना त्या म्हणाल्या, "तुला माझी लाज वाटते." विचारलं नाही, नोंद केल्यासारखं म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "वाटू दे. वस्तू वाईट नसते, प्रमाण वाईट असतं. लाजेचंही तसंच."

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पंगतीत 'नको' या शब्दाला काही किंमत नाही. 'नको' म्हणजे 'अजून एकदा विचारा'. पहिल्या नकोला वाढपी हसतो, दुसऱ्याला वाकतो, तिसऱ्याला वाढतो. पाहुण्याचं ऐकून जो पुढं गेला तो यजमान कंजूष. जिजी मात्र एकदाच 'नको' म्हणायच्या आणि हात पानावर उपडा ठेवायच्या, डब्यावर झाकण ठेवावं तसा. मग समोर कुणीही येवो. त्यामुळे देवासच्या मराठी घरांत त्यांना शिष्ट म्हणत.

आणि माझे बाबा म्हणजे याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. धारमध्ये त्यांची ख्याती एकच, आग्रह. हातात जिलबीची परात घेतली की ते दहा वर्षांनी तरुण दिसायचे. "माझी शपथ आहे" म्हणून एक, "वहिनींच्या नावाची" म्हणून दुसरी. पान मोकळं दिसलं की त्यांना अस्वस्थ व्हायचं. अशा माणसाला डॉक्टरनं शुगर आहे असं सांगितलं तेव्हा ते दवाखान्यातून घरी आले आणि आईला म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही." त्याच सुमारास माझ्यासाठी सरदारपूरचं स्थळ चालू होतं. मुलगा मला आवडला होता, मी त्याला. बाबांना धास्ती की त्या लोकांना कळलं तर म्हणतील, घराण्यात रोग आहे, उद्या मुलीलाही होईल. म्हणून बाबा चारचौघांत मिठाई खायचे आणि घरी येऊन डोकं धरून बसायचे.

मी जिजींना सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. नारळ आणले, सॉर्बिटॉल आणलं आणि वड्यांच्या मागे लागल्या. सुरुवातीला वडी पडेना, मिश्रण नुसतं लोळत राहायचं. मग जमली. दुधासारखी पांढरी, कारण सॉर्बिटॉल साखरेसारखं तांबूस होत नाही. कितीही दिवस ठेवा, मऊ. आणि जिभेवर ठेवली की थंड. साखरपुड्याला धारला निघालो तेव्हा त्यांच्या मांडीवर मोठा डबा होता, बाबांचा महिन्याभराचा साठा.

"यानं शुगर वाढत नाही असं नाही. सावकाश वाढते. दिवसाला दोन. तिसरी नाही. तिसरीनंतर जु—"

"जिजी," मी म्हटलं, "आज तो शब्द नको. सरदारपूरची सगळी मंडळी असणार. तुम्हाला माझी शपथ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुठला शब्द?"

"तोच. पोटाचा. आज कुणासमोर नाही."

बस घाटाबिल्लोदच्या चौकात थांबली होती, खाली पोह्यांची गाडी होती. जिजींनी मांडीवरचा डबा सरळ केला. मग म्हणाल्या, "बरं."

धारला पोचल्यावर त्यांनी डबा आईच्या हाती दिला आणि बाबांना बाजूला घेऊन प्रमाण सांगितलं. मी ऐकलं. बाबांनीही ऐकलं. नंतर जिजींनी परत एकदा सांगितलं.

ओटी भरून झाली, साखरेचा पुडा हातात पडला, पंगत बसली. आईनं बाबांच्या पानाशी छोट्या स्टीलच्या डबीत दोन वड्या ठेवल्या होत्या, म्हणजे बाकीचे श्रीखंड खातील तेव्हा हे वडी खातील आणि कुणाच्या लक्षात येणार नाही. पण शेजारी बसलेले माझे होणारे सासरे रिटायर्ड हेडमास्तर. कॉपी पकडण्यात उभी हयात गेलेली.

"काय व्याहीबुवा, डबीत काय छुपा के रखा है? एकट्यानंच खायचं का?"

बाबांचा चेहरा पडला. पडला तो क्षणभरच. "छे छे," ते उठलेच, "ही तुमच्यासाठीच खास. आमच्या जिजींनी देवासहून आणली. अगं, तो मोठा डबा आण."

आई हलेना. बाबांनी स्वतः जाऊन डबा आणला आणि वाढायला लागले. सासऱ्यांनी पहिली वडी तोंडात टाकली आणि डोळे मोठे केले. "अरे, ही तर थंडी लगती है." मग काय, पंगतभर तोच गलका. मुलाच्या आत्याबाईंनी मागून घेतली. बाबांच्या अंगात संचारलं. चोरी लपली होती आणि शिवाय आग्रहाला नवा माल हाती आला होता.

समोरच्या रांगेतून जिजी उठून उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, एका माणसाला दोन."

सगळे हसले. मुलाचे काका म्हणाले, "काकी, हिशोब से खिलाओगी क्या?"

"हो, हिशेबानंच. जास्त झालं तर—"

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाटावर बसले होते, नवी पैठणी, बोटात नवी अंगठी. मी मान हलवली. नाही म्हणून. जिजींनी तोंड मिटलं आणि खाली बसल्या. ज्या बाईनं बसमधल्या परक्या माणसालाही सोडलं नाही, तिनं त्या दिवशी माझ्या लाजेसाठी शब्द गिळला. कुणी चार खाल्ल्या, कुणी सहा. सगळे 'नको नको' म्हणत होते, आणि बाबांना नको ऐकू येत नव्हतं.

सरदारपूरची गाडी निघाली. ती किती ठिकाणी थांबली ते मला पुढं नवऱ्यानं सांगितलं, हसत हसत. त्या वेळी कुणी हसत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन, आणि सोयाबीन गुडघ्याच्या वर जात नाही. हेडमास्तर, ज्यांच्यासमोर अर्धं सरदारपूर अजून उभं राहतं, जरीकाठी उपरणं गळ्यात घालून शेतात बसलेले त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाहिले. आत्याबाई तर घरी पोचेपर्यंत रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बाबांनी उभ्यानं घेतला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. आम्हाला काय खाऊ घातलंत? चेष्टा केलीत का आमची? अशा घरात मुलगा द्यायचा का, याचा विचार करावा लागेल.

बाबा म्हणाले, "वडी जिजींनी आणली होती हो. त्यात काय घातलं होतं, आम्हाला काय माहीत?"

मी तिथंच होते. आई तिथंच होती. जिजी आदल्या संध्याकाळीच देवासला गेल्या होत्या. बाबांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे न बघता अंगणात गेले, झाडांना पाणी घालायला. पाणी आधीच घातलेलं होतं.

देवासला परतल्यावर मी जिजींना सगळं सांगितलं, बाबांचं वाक्यसुद्धा. मला वाटलं, चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त आत्याबाईंचं विचारलं, साखर-मिठाचं पाणी दिलं होतं ना? दिलं होतं, बऱ्या आहेत, म्हटल्यावर रविवारी सरदारपूरची बस किती वाजता आहे ते बघायला सांगितलं.

मी बरोबर गेले. होणाऱ्या सुनेनं असं जाणं बरं दिसत नाही, पण त्यांना एकटीला कसं पाठवणार? हेडमास्तरांनी बसा म्हटलं नाही. जिजी आपण होऊन बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. मका, स्टार्च, आतडं, पाणी. तो शब्दही उच्चारला, त्या दिवशी गिळलेला, आत्याबाईंच्या तोंडावर. शेवटी म्हणाल्या, "दोनच का, ते सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. यांच्या घरच्यांना काही कल्पना नव्हती. चूक माझी."

"पण अशी चीज लग्नघरात आणायचीच कशाला?" हेडमास्तर म्हणाले.

"माझ्यासाठी आणली होती. मला शुगर आहे."

मी जिजींकडे बघितलं. त्यांना शुगर नव्हती. त्या वयातही टेकरी न थांबता चढायच्या. एक ग्रॅम इकडचा तिकडं झाला तर ड्रम परत पाठवणारी बाई खुर्चीत ताठ बसून, हात मांडीवर ठेवून, खोटं बोलत होती, आणि एकदाही अडखळली नाही.

आत्याबाई पुष्कळ बोलल्या. म्हातारपणी अक्कल, एकटी बाई, काय काय. जिजींनी ऐकून घेतलं. मी त्यांच्या शेजारी बसून हातातल्या अंगठीशी चाळा करत होते. बोलायला तोंड होतं मला. लग्न मोडेल म्हणून बोलले नाही, एवढंच कारण होतं. परत येताना बसमध्ये मी रडायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता कशाला? जमलं ना?" आणि पर्समधून रुमाल काढून दिला.

लग्न जमलं, ठरल्याप्रमाणे धारला झालं. बाकीच्यांना बुफे होता, पण व्याह्यांसाठी बाबांनी पंगत मांडलीच. वडीचा किस्सा एव्हाना विनोद झाला होता. सरदारपूरची पोरं जिजींना बघून एकमेकांना कोपर मारत होती. वाढपी जिलबी घेऊन आला तेव्हा काका ओरडले, "अरे, काकींना मत दो, उनको शुगर है." पोरगा जिजींना टाळून पुढं गेला. जिजींनी पानातला वरणभात कालवला आणि खाली बघून जेवत राहिल्या. त्यांना जिलबी आवडायची. वर्षातून दोनदा त्या जिलबी खायच्या, एकेकच, आणि तेव्हा अजिबात बोलायच्या नाहीत.

मग हेडमास्तरांनी पोऱ्याच्या हातून परात घेतली आणि बाबांसमोर येऊन उभे राहिले. राग कधीच गेला होता. आता त्यांना उट्टं काढायचं होतं, प्रेमाचं.

"बहुत खिलाया आपने. आता आमची पाळी."

"नको," बाबा म्हणाले.

हेडमास्तर हसले. एक वाढली. बाबांनी खाल्ली.

"नको हो, खरंच."

दुसरी वाढली. माझ्या बाजूला आईचा हात थांबला. बाबांनी दुसरी तोंडाला लावली, आणि घास तसाच गालात धरून समोर बघितलं. समोर जिजींचं पान होतं. जिलबीची जागा रिकामी.

"आता तिसरी मुलीच्या नावाची," हेडमास्तर वाकले.

बाबांनी हात उपडा केला आणि पानावर ठेवला. डब्यावर झाकण ठेवावं तसा. हेडमास्तरांचा हात सवयीनं खाली आलाच होता. जिलबी बाबांच्या हातावर पडली, गरम पाक बोटांवरून ओघळला. बाबांनी हात काढला नाही.

"मला शुगर आहे," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "जिजींना नाही. मला आहे. त्या दिवशीची वडी माझी होती. त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं, दोनच म्हणून."

मी नवरीच्या पाटावर होते आणि मान वर करायची मला हिंमत झाली नाही, तेव्हाही. हेडमास्तरांनी बाबांच्या हातावरची जिलबी उचलली, कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरून राहिले. "मग हे आधी सांगायचं नी, भिया," ते हळू म्हणाले. "आम्ही त्या बाईंना काय काय बोललो."

बाबा उठले. पाकानं चिकटलेला हात धुतला नाही. परात घेतली आणि पंगतीच्या मधून चालत समोरच्या रांगेत गेले. जिजींसमोर वाकले. एवढा आग्रही माणूस, पण घ्या म्हणायला त्यांना तोंड उघडेना. परात नुसती पुढं धरली.

जिजींनी पानातला भात बाजूला केला आणि जागा केली.

"वाढा, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "एकच."

बाबांनी एकच वाढली.